सुरईच्या जागी तांब्या

बडोद्याच्या एका हायस्कुलात दत्तात्रेय पोंक्षे ड्रॉइंग मास्तर होते. सयाजीराव महाराजांचं राज्य. शाळेत गणित-इंग्रजीइतकाच मल्लखांबालाही मान. पोंक्षे मास्तरांचा सगळा संसार मात्र एका पितळी तांब्यावर चाले. तांब्या टेबलावर ठेवायचा, खडू न उचलता फळ्यावर काढून दाखवायचा आणि वर बजावायचं, "आधी बघा, मग काढा." एकोणतीस वर्षं तोच तांब्या. एकदा त्याला पोचा आला, तर दुसऱ्या दिवसापासून फळ्यावरच्या तांब्यालाही पोचा. असा काटेकोर माणूस.

पण गेली तीन वर्षं मास्तरांना तो तांब्या दिसतच नव्हता. काचबिंदूने डोळे नेले होते. उजेड-अंधार तेवढा कळे. पेन्शनीला दीड वर्ष उरलेलं, त्याआधी कळलं तर नोकरी आणि पेन्शन दोन्ही जाणार. घरी मंदाकिनीबाईंना ठाऊक होतं आणि शाळेत तालीम मास्तर उदयसिंहरावांना. ते रोज गप्पांच्या निमित्ताने खांद्याला खांदा लावून पोंक्ष्यांना वर्गापर्यंत आणत. पुढे फळ्यापर्यंत बारा पावलं, ती पोंक्षे मोजून टाकत. उदयसिंहराव म्हणत, माझी पोरं खांबावर उलटी लटकतात, पण खरी कसरत तुमचीच.

मग तपासनीस जयवंतराव यायचा दिवस उजाडला. मैदानात मल्लखांबाचे खेळ होते. खांबाला एरंडेल चोळायला भांडं हवं म्हणून शिपायाने वर्गातला तांब्या नेला आणि टेबल ओकंबोकं दिसू नये म्हणून तिथे मातीची सुरई ठेवली. मास्तरांना सांगावं असं त्याला वाटलंच नाही. डोळ्यांसमोरची वस्तू कुणी सांगतं का?

साहेब मागे बसले. मास्तरांनी बारा पावलं टाकली आणि पोच्यासकट तांब्या काढला. वर्गात जरा चुळबुळ झाली, मग पेन्सिली चालू लागल्या. थोड्या वेळाने जयवंतराव बाकांमधून फिरले आणि खूश होऊन म्हणाले, "समोर सुरई ठेवून फळ्यावर तांब्या काढलात, मास्तर. झकास परीक्षा घेतलीत. पण तुमची अडतीसच्या अडतीस मुलं नापास. ही बघत नाहीत, नुसतं उतरवतात. यंदा ड्रॉइंगच्या परीक्षेला यांतलं एकही बसणार नाही."

मास्तरांच्या हाताला टेबल लागलं. चाचपलं, तर खरंच सुरई. गप्प राहिलं की सगळं निभावत होतं. वर शाबासकीही मिळाली होती.

चाचपडतच त्यांनी पहिल्या बाकावरच्या सदानंदचा कागद घेतला आणि बोट फिरवलं. रेघेखालचा कागद खरबरीत लागला. शेजारचा घेतला, तोही तसाच.

"काय खोडलंस, सदानंद?"

"सुरई."

"का?"

"तुम्ही तांब्या काढलात ना, मास्तर."

मास्तरांनी कागद परत बाकावर ठेवला. मग म्हणाले, "साहेब, या मुलांना दिसतं. मला दिसत नाही."

मुलं परीक्षेला बसली. मास्तरांना महिन्याच्या आत घरी बसवलं, पेन्शनीवाचून. पण ते पुढचं. त्या दिवशी उदयसिंहराव निरोप ऐकून मैदानातून धावत आले, ते एरंडेलाने माखलेला तांब्या हातात तसाच घेऊन. त्यांनी सगळ्या शाळेदेखत पोंक्ष्यांचा हात धरला आणि फाटकापर्यंत नेलं. गप्पांचं निमित्त आता लागत नव्हतं.