धाकटीचा एक्केचाळिसावा दोष

घड्याळवाल्यांना खोटं बोलता येत नसे, आणि गप्प बसणं तर मुळीच जमत नसे. दुकानात चाळीस वर्षं त्यांनी दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाची कुंडली गिऱ्हाइकाला ऐकवली होती. दुकानात ते खपून गेलं. पण शिडाची होडी विकायला काढली तेव्हा हाच गुण मुळावर आला.

होडी तशी लहानशीच, पण तिला केबिन होती. आत दोन बाकं, एक शेगडी आणि बसल्यावर डोकं आपटणार नाही एवढं उंच छप्पर. नवरा-बायको आणि लेक आठ-आठ दिवस तिच्यावर राहून किनाऱ्याकिनाऱ्यानं भटकून येत. लेकीला घरात थोरली म्हणत ते या होडीमुळेच, कारण धाकटी ही! बावीस वर्षांची झाली होती धाकटी. आता घड्याळवाल्यांचे गुडघे कुरकुरत होते. त्यात बंदराच्या ऑफिसनं नोटीस लावली की लहान होड्यांचा धक्का पाडायचा आहे, महिनाअखेर जागा खाली करा. उरेल ती होडी भंगारात. शेजारच्या दोन होड्यांचे करवतीनं तुकडे होताना त्यांनी पाहिले, आणि दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

पाच गिऱ्हाइकं आली आणि आल्या पावली परत गेली. का जाणार नाहीत? घड्याळवाले खिशातून वही काढत आणि धाकटीचे चाळीस दोष अनुक्रमे वाचून दाखवत. दुसरी खिडकी गळते, पण वारा उजवीकडून असला तरच. शेगडी मनात असेल तेव्हाच पेटते. पाचवा गृहस्थ बाराव्या दोषाला "एक फोन आलाय" म्हणून जो बाजूला गेला, तो बहुधा अजून फोनवरच आहे.

"अहो, तुम्ही तिला विकताय की तिच्या चुगल्या करताय?" बायको कडाडली. महिना संपायला चार दिवस उरले होते. "उद्या सहावं गिऱ्हाईक येतंय. ही पेपरमिंटची पुडी घ्या. तोंडात सतत एक गोळी हवी. बोलायचं मी."

सहावं गिऱ्हाईक म्हणजे एक चाळिशीची बाई. गाडी चालवायला शिकवायचा तिचा धंदा, म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. दहा वर्षं भाड्याच्या होड्या चालवून तिनं स्वतःच्या होडीचं स्वप्न जपलं होतं. आल्या आल्या तिनं दोऱ्या ओढून पाहिल्या, डोलकाठीवर कान लावून टकटक केलं, बाकाखाली डोकं घातलं. घड्याळवाले कौतुकानं बघत राहिले. बघायची रीत असावी तर अशी! तोंडातली गोळी या गालातून त्या गालात फिरू लागली.

"छान ठेवलीय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दोष काय काय आहेत?"

"तसं काही विशेष नाही," बायको घाईनं म्हणाली.

मास्तरीणबाईंनी हात झटकले. "बावीस वर्षांची होडी आणि एकही दोष नाही? मग राहू दे ताई. जे दाखवत नाहीत तेच मोठं असतं." आणि त्या चक्क धक्क्यावर चढल्या.

कडाड्‌! घड्याळवाल्यांनी गोळी दातांनी फोडली. "थांबा! चाळीस आहेत!"

बायकोनं कपाळावर हात मारला. घड्याळवाल्यांनी वही उघडली आणि धरण फुटल्यासारखे बोलत सुटले. मास्तरीणबाई परत खाली उतरल्या, बाकावर मांडी घालून बसल्या आणि शेगडीच्या दोषाला खो-खो हसल्या. चाळिसावा संपल्यावर म्हणाल्या, "काका, आता फिरवून आणा."

काय फेरी झाली ती! शीड फुगलं, धाकटी कलली, पाणी कडेवरून उडून तिघांच्या तोंडावर आलं. घड्याळवाले गुडघे विसरून या बाजूचे त्या बाजूला उड्या मारत होते. एकच गोष्ट त्यांना खटकली. मास्तरीणबाई शिडाकडे कमी आणि त्यांच्या पायांकडेच जास्त बघत होत्या. बूट जुने, टाच झिजलेली. त्यांनी लाजून पाय बाकाखाली घेतले.

परत आल्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या, "घेतली! वही पण द्यायची हं." घड्याळवाल्यांनी आनंदानं बायकोचा हात असा दाबला की ती ओरडलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी मास्तरीणबाईंबरोबर त्यांच्या गावच्या बंदराला निघाली. जाताना बघवणार नाही म्हणून घड्याळवाले दोरी सोडताच पाठ फिरवून घरी आले. घर बंदरासमोरच. पंख्याचा वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला.

"बरं झालं," बायको चहा गाळता गाळता म्हणाली. "तुमच्या उजव्या बुटाचेही हाल संपले. लाथा मारून मारून टाच गेली बिचाऱ्याची."

"कसल्या लाथा?"

"अहो, फळीला मारता त्या! विसरलात?"

घड्याळवाल्यांचा हात पंख्याच्या बटणावरच राहिला. होडीच्या पोटातून पाण्यात सोडायची एक जड लोखंडी फळी असते. ती खाली असली तरच होडी वाऱ्याला दाद न देता सरळ जाते. बंदराच्या तोंडाशी वाळू साचलेली, म्हणून तिथं फळी वर ओढून घ्यायची आणि पुढं गेलं की सोडायची. धाकटीची फळी सोडताना अर्ध्यावर अडके. मग केबिनच्या दाराशी, खाली उजवीकडे, एक सणसणीत लाथ. इतकी वर्षं ती लाथ पायानं परस्पर मारली होती. डोक्याला पत्ताच नव्हता, मग वहीत येणार कुठून?

"अगं, ती दगडांवर जाईल!"

ते धावले. चपला घरात राहिल्या. बायको गॅस बंद करून मागोमाग धावली. धक्क्याच्या टोकाशी पोचले तर समोर तेच. धाकटी वाळू ओलांडून पुढं गेली होती, पण सरळ न जाता आडवी घसरत होती, थेट बंदराच्या दगडी बांधाकडे. मास्तरीणबाई सुकाणू धरून खाली वाकून बघत होत्या.

"लाथ मारा! उजवीकडे! लाथ!" घड्याळवाले बेंबीच्या देठापासून ओरडले आणि धक्क्याच्या फळ्यांवर अनवाणी पाय आपटू लागले. वारा उलटा. शब्द तोंडातून निघून त्यांच्याच कानामागं जात होते. बांध वीस हातांवर आला. पंधरा.

मास्तरीणबाई ताठ झाल्या. त्यांनी उजवा पाय उचलला आणि केबिनच्या दाराशी, खाली, नेमका तिथंच हाणला.

धाकटी थरारली, घसरायची थांबली आणि मान वळवून ऐटीत समुद्राकडे निघाली.

"बसली! लाथ बसली!" घड्याळवाले बायकोला धरून गोल फिरले. धक्क्यावरचे लोक बघत राहिले. बघेनात का!

थोड्या वेळानं बायकोच्या हातातला फोन वाजला. पलीकडून वारा आणि मास्तरीणबाई दोघंही मोठ्यानं बोलत होते.

"काका, तुम्हाला धक्क्यावर नाचताना पाहिलं! अहो, वीस वर्षं मी शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांचे पायच बघतेय. लोक तोंडानं काय सांगतात ते मी धरत नाही. काल तुमच्या पायानं मला सांगितलं. एक्केचाळिसावा दोष कालच वहीत लिहून ठेवलाय. पहिल्यांदा जरा चुकीच्या जागी मारली, एवढंच. आणि काळजी नको, पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं यायचं. चालवाल तुम्ही, मी बघेन."

बायकोनं फोन त्यांच्या तोंडापुढं धरला. घड्याळवाल्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शब्दच फुटेना. आयुष्यात पहिल्यांदाच ते गप्प बसले, आणि या वेळी तोंडात गोळीही नव्हती.