भावोजी आणि तीन रॉड

आख्ख्या रत्नागिरी तालुक्यात माझ्या भावोजींइतका चोखंदळ माणूस झाला नाही आणि देव करो, पुन्हा होऊही नये. ताईशी लग्न त्यांनी पोहे संपायच्या आत ठरवलं. एसटीतली मेकॅनिकची नोकरी फारसा विचार न करता धरली, भाट्याच्या वाटेवर जागा मिळाली तिथे घर बांधलं. पण जमिनीवरचं वजन दोन्ही हातांनी उचलून ताठ उभं राहायचं, ज्याला व्यायामवाले डेडलिफ्ट म्हणतात, ते कुठल्या रॉडने करावं, या एका प्रश्नावर या गृहस्थाने उभा जन्म काढला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची तालीम होती आणि तिथे तीन रॉड होते. एक ताठ, बैलासारखा हट्टी. दुसरा लांब आणि बारीक, आधी स्वतः वाकणार, मग वजन जमीन सोडणार. तिसरा षटकोनी चौकटीचा. त्याच्या आत उभं राहायचं, म्हणजे वजन दोन्ही अंगांना राहतं आणि कंबर वाचते. "कंबर बघून रॉड द्यावा," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

नव्या माणसाचं नाव-गाव विचारायच्या आधी ते त्याला अंगणातला भरलेला सिलेंडर उचलायला लावत आणि स्वतः चहाची बशी घेऊन त्याच्या पाठीमागे उकिडवे बसत. मासळीबाजारातली एक कोळीण गुडघे दुखतात म्हणून विचारायला आली. तिने तो सिलेंडर टोपलीसारखा अंगालगत घेऊन उचलला. भावोजी बेहद्द खूश. "मावशी, तुम्ही जन्मानेच षटकोनी!" बँकेतल्या एका साहेबाला मात्र सिलेंडर हलेना, तेव्हा म्हणाले, "साहेब, खुर्चीने तुमचं वाटोळं केलंन. चार महिने नुसता रिकामा रॉड." बरं, ही खोड तालमीपुरती राहती तरी चाललं असतं. माझ्या साखरपुड्यात सासरेबुवा परसातला फणस कौतुकाने उचलून आणत होते, तर हे सगळ्यांदेखत ओरडले, "अहो, पाठ गोल झाली! तुम्ही ताठ रॉडला आयुष्यात हात लावू नका!" सासऱ्यांनी फणस तिथेच टाकला. पुढे पाच वर्षं ते मला विचारत होते, की तुमच्या मेव्हण्याला नक्की झालंय काय. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजतं म्हणून भावोजी रॉडना खोबरेल चोळायचे. मग हात सटकतात म्हणून खडूची पूड. मग त्या दोन्हींचा लगदा होई, तो धुवायला गरम पाणी, आणि धुतलं की पुन्हा गंज. ताई म्हणायची, "माझ्या केसांना थेंब नाय आणि ह्यांच्या लोखंडाला रोज अभ्यंग!"

इथवर मी हे चारचौघांत हसत सांगतो. पुढचं सांगत नाही.

भावोजी निवृत्त झाले, ताठ रॉड गंजून कामातून गेला आणि त्याच सुमारास त्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी बजावलं, उचलायचंच असेल तर षटकोनी, नाहीतर सगळं बंद. पण सावर्ड्याला साठीच्या माणसांची स्पर्धा होती आणि तिथे ताठच रॉड लागतो, वाकणारा नाही की षटकोनी नाही. सरावाला नवा ताठ रॉड घ्यायचा की स्पर्धेवर पाणी सोडायचं? ताईने मला मुद्दाम बोलावून घेतलं. "तुझं ऐकतील रे. षटकोनीवर गप राहायला सांग. हात जोडते तुला." मी गेलो, ओटीवर बसलो आणि भावोजींचं सुरू झालं. ताठ घेतला तर असं, षटकोनी घेतला तर तसं. गावाला रॉड वाटणाऱ्या माणसाला स्वतःचा रॉड ठरवता येईना. दोन तास झाले. चहा दोनदा झाला, आणि माझी लांज्याची गाडी चुकत होती. शेवटी म्हणाले, "तू सांग. तू सांगशील तो." जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी विचारलं होतं. आणि मी, नालायक माणूस, चपलेत पाय सरकवत म्हणालो, "घ्या हो ताठच! तुम्हाला काय धाड भरल्ये?"

गाडी मिळाली मला.

सावर्ड्याला दुसऱ्या खेपेला त्यांनी वजन उचललं. टाळ्या पडल्या. तिसऱ्या खेपेला गुडघ्यांवर बसले ते उठलेच नाहीत, चौघांनी उचलून नेलं. ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून ओटी ते न्हाणीघर, एवढीच त्यांची चाल. ताई त्यांना उठवते, बसवते, आंघोळ घालते आणि वर मलाच म्हणते, "तू तरी सांगितलंस ना रे. पण ह्यांनी ऐकलंन का?" मी मान हलवतो. मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण हलवतो.

गेल्या रविवारी गेलो तेव्हा ताई आत माशांना मीठ लावत होती. भावोजींनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हिला कधी बोललो नाय हां. पण तू म्हणालास म्हणून हिंमत झाली. बाकी सगळे नको नकोच करत होते. तू एकटा ओळखून होतास मला." आणि माझा हात घट्ट दाबला. हातात ताकद आहे अजून. मला सांगायचं होतं, भावोजी, मी ओळखून-बिळखून काही नव्हतो, मला गाडी गाठायची होती. तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांचा चेहरा इतका खूश होता, की मी म्हटलं, "दुसऱ्या खेपेला काय उचललंत हो!"

झालं, ते ती खेप पहिल्यापासून सांगायला लागले. मी बसून सगळी ऐकली.