चार पोती बियाणं

बाबा दिवाळीनंतर गेले. मागे दोन गोष्टी राहिल्या, असं आई म्हणते: त्यांची पुस्तकं आणि सोयाबीनची चार पोती. पुस्तकं माझी आणि पोती तिची, ही वाटणीही तिनेच केली. पोती विकायची नव्हती, ते घरचं बियाणं होतं. बाबा दर वर्षी आपल्याच पिकातून ते राखत. येत्या जूनमध्येही आपल्या शेतात त्यांचंच बियाणं पडलं पाहिजे, हा हट्ट आईने बाबांच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीपासून धरला होता.

सोयाबीनचं साल फार नाजूक असतं. पोतं आदळलं तर आत दाणा तडकतो, बाहेरून दिसत नाही, आणि पेरल्यावर उगवत नाही. म्हणून बाबा पोती मागच्या खोलीत, लाकडी फळ्यांवर एकेरी मांडत. थप्पी लावायची नाही, ओढायचं नाही. हलवायचं तर दोघांनी, झोपलेलं लेकरू उचलावं तसं. हा नियम आमच्या अंगात इतका मुरला होता की घरात पाणी शिरलं तेव्हाही आम्ही तो पाळत बसलो.

चैत्रात पूर येईल असं कुणी म्हटलं असतं तर गाव हसलं असतं. आमचा नाला फेब्रुवारीतच आटतो आणि पोरं त्यात क्रिकेट खेळतात. पण दोन वर्षांपूर्वी नाल्यावरून सिमेंटचा रस्ता गेला आणि खाली फक्त दोन पाइप टाकले. पाणी तुंबेल म्हणून बाबांनी तेव्हाच लेखी अर्ज दिला होता. त्याची पोच अजून माझ्याकडे आहे. त्या दुपारी मेडशीकडचं आभाळ काळं झालं, आधी गारा पडल्या, मग तासभर असा पाऊस झाला की समोरचं घर दिसेना. तुराट्या आणि प्लास्टिक वाहत येऊन पाइपांत अडकलं आणि पाणी वळून आमच्या मागच्या दारातून आत आलं.

मी काय केलं ते लिहिलं पाहिजे. मी कपाटाच्या खालच्या खणांतली पुस्तकं काढून पलंगावर रचू लागले. पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा पलंग पुस्तकांनी भरला होता.

"अवं, पोत्याले हात लाव ना!" आई मागच्या खोलीतून ओरडली. "पुस्तकं पेरशीन का तू?"

पुस्तकं बाजूला सारून आम्ही एक पोतं पलंगावर आणलं. हळूहळू, नियमाप्रमाणे, पावला-पावलाने. दुसऱ्याला हात घालणार तोच शेजारचे काका आत आले. नाल्याच्या काठाला त्यांचा भाजीचा मळा आहे. त्यांची मेथी-कोथिंबीर तेव्हा पाण्याखाली होती, आणि तरी ते आमच्याकडे आले होते. त्यांनी एकट्याने पोतं खांद्यावर घेतलं आणि वर माळ्यावर फेकलं. धप्प आवाज झाला.

"आदळलं! भाऊजी, आदळलं तुमी!"

"वयनी, पोतं हाय ते, जावई नाही."

"बियानं हाय!"

"मंग पान्यातच राहू देऊ? आपोआप उगवते."

ते तिसऱ्या पोत्याकडे वळले तशी आई मधे उभी राहिली. "मी आन पोरगी उचलतो. तुमी राहू द्या." काका म्हणाले, आता नखरे कायले करता. आई म्हणाली, हात लावायचा नाही. मी दोघांच्या मधे "अहो", "अगं" करत होते. हा वाद मिटेपर्यंत पाणी फळ्यांच्या वर चढलं होतं आणि उरलेली दोन्ही पोती खालून भिजली होती.

संध्याकाळपर्यंत पाणी ओसरलं. भिजलेलं बियाणं आम्ही गच्चीवर पसरलं. तिसऱ्या दिवशी ते फुगून सुरकुतलं, आंबूस वास सुटला, आणि शेवटी काकांच्या म्हशीपुढे गेलं.

पंचनाम्याला साहेब आले. घर पडलं का? नाही. जनावर दगावलं का? नाही. उभं पीक?

"पेरणीचं बियाणं भिजलं," मी म्हटलं.

"घरातल्या बियान्याचा रकाना नाही मॅडम."

मी पाइप दाखवायला त्यांना रस्त्यापर्यंत नेलं. ते म्हणाले, हा विषय आमच्याकडे नाही. कोणाकडे आहे, तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

दोन पोती उरली होती: एक पलंगावरचं, एक माळ्यावरचं. आईने माळ्यावरचं मेल्यातच जमा धरलं आणि काकांशी बोलणं टाकलं. नुसता तिचा अंदाज नको म्हणून मी दोन्हींची उगवण तपासायचं ठरवलं. ही चाचणी बाबा दर वर्षी करत. डोळे मिटून मूठ भरायची, ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. सत्तर उगवले की बियाणं चांगलं.

सहाव्या दिवशी गुंडाळ्या उलगडल्या. पलंगावरच्या पोत्यातले त्रेचाळीस उगवले होते. माळ्यावरच्या पोत्यातले सेहेचाळीस.

आईने पुन्हा मोजले. "म्हंजे भाऊजीनं नाही बिघडवलं," ती म्हणाली.

मग कोणी, ते मला तिथेच कळलं. काढणीच्या वेळी बाबा अकोल्याच्या दवाखान्यात होते आणि मळणी मी करून घेतली होती. बियाण्यासाठी मळणीयंत्र हळू चालवावं लागतं, नाहीतर दाणा यंत्रातच तडकतो. बाबा यंत्राजवळ उभे राहून तळहातावर दाणे घेऊन बघत. मी बांधावर बसून कॉलेजच्या मुलांचे परीक्षेचे पेपर तपासत होते. आभाळ भरून आलं होतं म्हणून यंत्रवाल्याला उलट म्हटलं होतं, लवकर आटपा. म्हणजे पुराच्या दुपारी आम्ही ज्यासाठी भांडलो ते सहा महिन्यांपूर्वीच अर्धं गेलं होतं. मी हे आईला सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"त्यायनं दवाखान्यात इचारलं होतं मले," ती म्हणाली, "मशीन हळू चालवली का म्हून. मी हो म्हटलं."

मग ती उठली. सूप घेऊन बसली आणि दाणे निवडू लागली.

"काय करून राह्यली?" मी विचारलं.

"निवडतो. चांगले काढतो."

मी समजावलं की आतली तडक डोळ्यांना दिसत नाही, की ही दोन पोती आहेत, की दुकानात चांगलं बियाणं मिळतं. "जूनले टाइम हाय," ती म्हणाली.

निवडलेल्या दाण्यांतले एकसष्ट उगवले. सत्तर नाहीतच. तरी आईने ठरवलं: विहिरीजवळच्या एका एकरात हेच, जरा दाट पेरायचं, बाकीच्या तीन एकरांसाठी मी दुकानातून आणायचं. काकांकडे ती स्वतः गेली आणि येताना त्यांचंही सूप मागून आली.

आता मी रोज कॉलेजातून आले की जेवते आणि सूप घेऊन बसते. मान दुखते, डोळे चुरचुरतात, आणि कुठला दाणा चांगला ते मला अजून नीट कळत नाही. माझ्या ढिगातले निम्मे दाणे आई परत काढून टाकते.