बेचाळीस नवऱ्या, एकच चाल

दुबईत आल्यापासून मी बेचाळीस लग्नांची मंगलाष्टकं लिहिली आणि गायली. चाल एकच, माझ्या लग्नात मामीने गायलेली. शब्द मात्र दर वेळी ताजे. नवरीचं माहेर, नवरदेवाची नोकरी, दोघांचे मामा, सगळं ठासून भरायचं. एका जावयाचा गोल्डन व्हिसासुद्धा मी शार्दूलविक्रीडितात बसवलाय. करून बघा, म्हणजे कळेल!

त्रेचाळिसावं मंगलाष्टक माझ्या लेकीचं, असं मी मनाशी धरून होते. लेक सत्तावीस वर्षांची, इथेच जन्मलेली, आर्किटेक्ट. एखादी फार चांगली ओळ सुचली की ती दुसऱ्यांच्या पोरींना द्यायची नाही, हिच्यासाठी वहीत मागे लिहून ठेवायची, इतकी मी आपमतलबी. आणि एका शनिवारी पोहे खाता खाता ती म्हणाली, "आई, आय ॲम नॉट गेटिंग मॅरीड. एव्हर." वर लिंबू मागितलं! खलास. मी भांडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. नवरा म्हणाला, "अगं, तिचं आयुष्य आहे." मी म्हटलं, "आणि माझ्या ओळी?" त्याला वाटलं मी विनोद करतेय. मी अजिबात विनोद करत नव्हते.

अबोला चालू असताना तिच्या खोलीतून बास गिटार ऐकू यायची. ऑफिसातल्या तिघांबरोबर तिचा हौशी रेगे बँड आहे. तेच तेच चार सूर, धुमधुम, तासन्‌तास. मग एकदा भाजी निवडताना मोबाईलवर जमैकाचं कुठलंसं जुनं गाणं लागलं, आणि त्यात हुबेहूब तेच चार सूर! पुढचं लागलं, गायक वेगळा, शब्द वेगळे, खाली पुन्हा तेच. मला भांडायला आयतं कारण मिळालं. मेथीची जुडी हातात तशीच घेऊन मी तरातरा तिच्या खोलीत गेले. "चोऱ्या करतेस? शोभतं का आपल्याला?"

"चोरी काय, आई? इट्स अ रिदिम!" ती म्हणाली, आणि मला पलंगावर बसवून तिने सगळं सांगितलं. जमैकात पूर्वी रेकॉर्डच्या एका बाजूला गाणं असायचं आणि मागच्या बाजूला त्याच गाण्याचं नुसतं संगीत, गाणारा वजा करून. त्यावर दुसरा कुणी आपले शब्द म्हणायचा, मग तिसरा. वीस वर्षांनी कुणी तोच बास नव्याने वाजवून आणखी एक गाणं काढायचा. त्या बासला आणि ड्रमला मिळून म्हणायचं रिदिम. एकेका रिदिमवर डझनांनी गाणी. ओळखीचा बास कानावर पडला की लोक खूश, आणि हा नवा काय म्हणतोय म्हणून कान टवकारून ऐकणार.

"म्हणजे आयत्या चालीवर शब्द टाकायचे," मी नाक मुरडलं.

"अँड व्हॉट डू यू डू, आई?"

"ते वेगळं!"

"हाऊ?"

मी हातातल्या जुडीची दोन पानं खुडली. म्हटलं, "ती परंपरा आहे." ती म्हणाली, "सेम हिअर." मग गिटारच्या तारांकडे बघत हळूच म्हणाली, "माझं पण लिही ना. ह्या रिदिमवर. तू सगळ्यांच्या मुलींना देतेस. नवरा नाही म्हणून मला नाही?"

मी "बघू" म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावता लावता ढसाढसा रडले. इतकी वर्षं मला वाटायचं, ते मंगलाष्टक मलाच हवंय.

लिहायला बसले तर निम्मा मजकूर नवरदेवाचा! तो वजा केला, त्याचे आईवडील गेले, मामा गेले, नोकरी गेली. उरली नुसती माझी पोर. शाळेच्या पहिल्या दिवशी बसच्या ड्रायव्हरला मिठी मारून बसलेली, माझ्या सासरकडून हट्टीपणा घेतलेली, स्वतःची पहिली इमारत मला पन्नास डिग्रीत उभं करून दाखवणारी. वहीत मागे लिहिलेल्या ओळी भराभर पुढे आल्या.

तालमीला रास अल खोरला गेलो, टायरच्या गोडाऊनमागची एक खोली. तिथे माझी पार फजिती. रेगेमध्ये पहिल्या मात्रेला ड्रम गप्प, आणि मला सवय पहिलीलाच उडी घालायची. "आई, वेट!" मी पुन्हा आधीच. त्यात शेवटचं अक्षर दम जाईपर्यंत लांबवायची खोड! माझं "लेऽऽऽक" संपेपर्यंत बँड पुढच्या कडव्यात पोचलेला. ड्रमवाला म्हणाला, "आंटी, यल्ला, चलो, साँस तो लो." मी त्याला म्हटलं, तू वाजव, माझा श्वास माझा मी बघते. पण तिसऱ्या खेपेला थांबले. ती एक मात्रा मोकळी जाऊ दिली, लेकीचा बास आला, आणि मग मी आले. ती माझ्याकडे बघून इतकी गोड हसली की पुढची ओळ मी साफ विसरले.

दुबई मरीनाच्या एका रेस्टॉरंटमध्ये बुधवारी संध्याकाळी कुणालाही गाऊ देतात. तिथे गायलो. समोरच्या टेबलावर इथल्या मराठी मंडळातल्या माझ्या मैत्रिणी, भरजरी साड्या नेसून. पहिलं कडवं त्यांना कळेना टाळ्या वाजवाव्यात की नाही. दुसऱ्यापासून माना डोलायला लागल्या. शेवटच्या ओळीला मी ठरवलेलं नसताना, बेचाळीस लग्नांच्या सवयीने, तोंडातून निघून गेलं, "सावधाऽऽन!"

तो शब्द ऐकला आणि बायकांचे हात आपोआप उठले. हाताशी पॉपकॉर्न होते. भसाभस माझ्या लेकीच्या डोक्यावर पडले, केसांत, गिटारवर. ती हसत सुटली, पण बास सोडला नाही पठ्ठीने.

खाली उतरले तर शारजाची मैत्रीण, जी इतकी वर्षं प्रत्येक लग्नात माझ्या शेजारी उभी राहून गाते, ती कानाशी आलीच. "गाणं झकास गं. पण हिचं लग्न कधी?"

लेक स्टेजवर केसांतले पॉपकॉर्न काढून खात होती.

"अगं, झालं की आत्ता," मी म्हटलं. "अक्षता तूच तर टाकल्यास."