लाल शेऱ्यातला प्रोजेक्टर

सात रस्त्याजवळच्या आमच्या बी.एड. कॉलेजात मराठी शिकवायची कशी, ते मी शिकवतो. वीस वर्षं झाली. होऊ घातलेल्या शिक्षकांच्या पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, शैक्षणिक साधनांचा एक रकाना असतो. त्यात सगळे लिहितात, ‘संगणक, प्रोजेक्टर’. मागच्या बॅचच्या वहीत तसंच असतं, म्हणून. पाठ मात्र खडू-फळ्यावर. आणि मी खाली लाल पेनानं लिहितो, ‘साधनांचा योग्य वापर’.

परवा वर्गात विचारलं, मुलांना डिजिटल कौशल्यं शिकवायची जबाबदारी कुणाची?

“संगणकाच्या सरांची की!” टेंभुर्णीची एक मुलगी म्हणाली.

“आईबापाची. मोबाईल त्यांनीच दिलाय ना?” मागून कुणीतरी.

“आईबाप म्हणजे मीच की गं,” दोन लेकरं सांभाळून बी.एड. करणाऱ्या एक बाई म्हणाल्या. “हितला प्रवेशाचा फॉर्म माझ्या लेकीनं भरलाय. मी काय शिकवू तिला?”

वर्ग हसला, मीही हसलो. मग बाईंनीच विचारलं, “सर, तुमचं काय मत?”

अशा वेळी मी घड्याळ बघतो. त्या दिवशी नाही बघितलं. म्हणालो, “मला प्रोजेक्टर लावताच येत नाही.” आणि मग थांबवेना. काही वर्षांपूर्वी एका मुलीनं सराव पाठाला खरोखरच प्रोजेक्टर मागितला होता. ‘फळ्यावर घे, उगाच वेळ जातो,’ मी म्हणालो. ती मुकाट्यानं फळ्याकडे वळली. वर मीच शेरा मारला, ‘साधनांत नावीन्य नाही’, आणि दहापैकी पाच दिले. भीती माझी, गुण तिचे गेले. हे आजवर घरीसुद्धा बोललो नव्हतो.

मग बाई म्हणाल्या, “मग उठा की सर. पाठ घ्या. आमी मागं बसतो निरीक्षणाला.”

प्रोजेक्टरवरचं फडकं काढलं. वायर कुठं जाते ते तिघींनी सांगितलं, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. अखेर भिंतीवर कविता उमटली, ती डोक्यावर उभी.

“सर, मुलांनी शीर्षासन करून वाचायची व्हय?”

तास संपता संपता ती सरळ झाली. बाईंनी माझंच लाल पेन मागून घेतलं आणि वहीत लिहिलं, ‘साधन वापरले. योग्य, असे म्हणवत नाही. पाठ पुन्हा घ्यावा. गुण चार.’

संध्याकाळी त्या जुन्या मुलीला फोन लावला. ती आता एका शाळेत शिकवते. सगळं सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, “चारच? म्हणजे माझ्यापेक्षा एक कमी की सर!”