नाही आवडलं? मग जेवायला या

अकोल्याच्या जठारपेठेत एके काळी, ज्याला नाटक आवडलं नाही त्याला फुकट जेवायला मिळायचं. ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः जेवलेली आहे, आणि चांगली पोटभर जेवलेली आहे. जेवू घालणाऱ्या बाईंचं नाव वत्सलाबाई गावंडे. त्या दिवाणी कोर्टात वकिली करायच्या, म्हणून सारं गाव त्यांना वकीलबाई म्हणे. उंची बेताची, आवाज मात्र असा की न्यायाधीशांनी मान वर करून पाहावं.

वकीलबाईंना नव्या नाटकांचा नाद होता. नवी म्हणजे ज्यांच्या लेखकाचं नाव आपण कधी ऐकलेलं नसतं अशी. अमरावतीला, नागपूरला कुठे कुणाचा प्रयोग आहे असं कळलं की कोर्टाचं काम आटोपून त्या गाडीत बसायच्या. परत आल्या की अकोल्यात त्यांची शिफारस सुरू. पक्षकार, डॉक्टर, भाजीवाली, समोरचा वकील, कुणीही सुटायचं नाही. गोष्ट काय आहे ते मात्र त्या कधी सांगत नसत. विचारलं तर म्हणायच्या, "गोष्ट मीच सांगितली तं थो लेखक बिचारा काय करन? तू पाहून ये. नाही आवडलं तं रविवारी माह्या घरी जेवाले ये."

आणि आवडलं तर? "आवडलं त्याले काहून जेवू घालू? त्याचं पोट भरलंच हाये ना."

रविवारचा बेत ठरलेला. ज्वारीच्या भाकरी, बेसनाच्या वड्यांचा म्हणजे पातोडीचा रस्सा, कच्चा कांदा. रस्सा असा की पहिल्या घासाला कान गरम व्हावेत. पाटावर बसलं, ताटात पातोड्या पडल्या, की रश्श्याची पळी हातात धरून वकीलबाई समोर उभ्या राहायच्या. "हं, बोल. काहून नाही आवडलं?" कारण पटलं की पळी ताटात उतरायची. नाही पटलं की पळी तशीच वर, आणि उलटतपासणी सुरू.

माझी आणि त्यांची ओळख या पळीखालीच झाली. मी तेव्हा चाळिशीच्या आसपास होते आणि स्वतःला मोठी नाट्यरसिक समजत होते. माझं भांडवल काय? माहेर अमरावती, लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून पाहिलेली जुनी नाटकं, आणि घसा. मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभी राहून, चार माणसांना ऐकू जाईल अशा बेताने, "आता पूर्वीसारखं राहिलं नाही हो" असं म्हणणारी एक बाई प्रत्येक गावात असते. अकोल्यात ती मी होते. गजरा माळून जायची. पदर सावरायची तोसुद्धा कुणी पाहत आहे ना हे बघून. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी फुटपाथ बदलीन.

वकीलबाईंनी मला एका नव्या नाटकाला धाडलं. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत राहणाऱ्या दोन बहिणींचं नाटक. रविवारी मी जेवायला गेले ती भाषण पाठ करून. पातोड्या ताटात पडल्या, पळी वर झाली आणि मी सुरू केलं, "मूळ संहितेतच एक विस्कळीतपणा असून, पात्रांच्या मनोव्यापारांचा आलेख..."

"थांब वं," वकीलबाई म्हणाल्या. "हे कोणत्या पेपरात छापून आलं?"

"माझं स्वतःचं मत आहे."

"बरं. दुसऱ्या अंकात लहान बहिणीचं काय झालं?"

मी क्षणभर विचार केला. शेवटी मोठी बहीण रडत होती एवढं आठवत होतं. म्हणून ठामपणे म्हणाले, "ती वारते."

सगळी पंगत माझ्याकडे पाहू लागली. वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "तिचं लग्न झालं, बाई. अंतरपाट धरला होता, मंगलाष्टकं झाली, बँडवाला आला. एवढ्या बँडमध्ये तुले झोप लागली तरी कशी?"

मी मान खाली घातली. हसून हसून लोकांना ठसका लागला. मला वाटलं आता उपाशीच उठायचं. पण पळी माझ्या ताटात उतरली. "झोप लागली हे बी कारण हाये," त्या म्हणाल्या. "पहिलेच सांगत जाय. कुठी लागली, कोण बोलून राहिलं होतं तवा लागली, हे लिहिणाऱ्याच्या कामी पडते. तुहा आलेख त्याच्या कोण्या कामाचा?"

त्या रश्श्याने माझे डोळे पाणावले. तिखटानेच, असं मी त्या वेळी सगळ्यांना सांगितलं.

या जेवणापायी अकोल्याच्या प्रेक्षकांचं काय झालं ते सांगायला हवं. पातोडीच्या आशेने लोक नाटक नावडून घेऊ लागले. आता खोटं नावडायचं तरी ते वकीलबाईंसमोर टिकायला हवं, त्यासाठी नाटक डोळे उघडे ठेवून पाहायला हवं. आमच्या गल्लीतले चौधरीभाऊ तर नाटकात दोष सापडेना म्हणून तेच नाटक पुन्हा पाहायला अमरावतीला गेले. रविवारी पाटावर बसून वैतागून म्हणाले, "वकीलबाई, काय सांगू! दुसऱ्यांदा पाहिलं तं आवडलं ना बाप्पा!" त्यांना त्या दिवशी पाणी देऊन परत पाठवलं. चौधरीवहिनी त्यांच्याबरोबर यायच्या, पण त्या कधी बोलायच्या नाहीत. घरी त्या बोलत नसत, तर पंगतीत कुठून बोलणार?

अशी वर्षं गेली. मी आजी झाले, वकीलबाईंनी काळा कोट उतरवला, पळी मात्र तीच. आणि मग विद्या आली.

विद्या अमरावतीची. एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करायची आणि उरलेल्या वेळात नाटक लिहायची. तिच्या नाटकाचं नाव 'चिखलदऱ्याची खोली'. अमरावतीच्या घरातली एक विधवा म्हातारी कुणाला न सांगता चिखलदऱ्याला खोली घेऊन राहायला जाते, आणि दोन मुलं, सून आणि जावई तिला परत आणायला गाडीतून निघतात. सगळं नाटक त्या गाडीत घडतं. दोन बाकं, एक स्टिअरिंग, घाट, धुकं आणि भांडणं. म्हातारी शेवटपर्यंत रंगमंचावर येत नाही. गाडी खोलीच्या दाराशी थांबते, थोरला हॉर्न वाजवतो आणि पडदा पडतो.

अमरावतीला प्रयोग पडला. म्हातारीची वाट पाहून पाहून लोक उठून गेले. वकीलबाई मात्र खुर्चीतच बसून राहिल्या, नंतर विद्याला शोधून काढलं आणि म्हणाल्या, "अकोल्याले कर. माणसं मी आणतो." विद्याने तोंडावर सांगितलं, "मॅडम, तिथंही असंच झालं तं मी लिहिणं सोडणार. घरचे म्हणतात ते बरोबरच असेल." वकीलबाईंनी तिला धीर वगैरे दिला नाही. "सोडशीन तं सोड," म्हणाल्या, "पण अकोला पाहून सोड."

त्यानंतर त्या ऐंशीच्या घरातल्या बाईने गुडघे दुखत असताना दारोदार जाऊन शिफारस केली. हॉल भरला. आणि मध्यंतरानंतर अर्धा रिकामा झाला. मी माझ्या खुर्चीत अंग चोरून बसले होते. दर थोड्या वेळाने मागे कुणाची तरी खुर्ची आपटायची आणि ती वकीलबाईंच्या पाठीत बसल्यासारखी मला वाटायची. प्रयोग संपल्यावर आम्ही आत गेलो तर विद्या स्टिअरिंग पोत्यात घालत होती. वर पाहिलं नाही. "झालं मॅडम. पाहिलं अकोला."

"अजून कुठी?" वकीलबाई म्हणाल्या. "उद्या रविवार हाये. जेवाले ये. कोण हायेस थे कोणाले सांगू नको."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. इतक्या लोकांना एकदम नाटक नावडल्याचा तो एकमेव रविवार. दोनदा पंगत उठवावी लागणार हे दिसत होतं. मी भाकरी वाढत होते. कोपऱ्यात विद्या बसली होती, 'माही भाची' म्हणून. तिचा चेहरा निकालाच्या दिवशी नापास होणार हे ठाऊक असलेल्या पोरीसारखा.

पळी वर झाली. "हं, बोला."

"म्हातारी काहून नाही दाखवली?" चौधरीभाऊ सगळ्यांच्या वतीने गरजले. "दोन तास वाट पाहून राहिलो आमी. म्हातारीचं नाटक अन् म्हातारीच नाही! हे काय झालं?"

"बरोबर! बरोबर!" पंगत एकमुखाने म्हणाली.

वकीलबाईंनी मान हलवली. "कबूल. दाखवाले पाहिजे होती. कशी होती थे?"

"कोण?"

"म्हातारी."

"मी कुठी पाहिली? आलीच नाही ना थे!"

"तरी. आली असती तं कशी असती?"

चौधरीभाऊंनी भाकरीचा तुकडा मोडला. "बारीक. अगदी काडी. उपास करणारी."

"नाही बाप्पा," बँकेतून निवृत्त झालेले पाटील म्हणाले, "जाडी असन थे. मागच्या बाकावर तिची जागा मोकळी सोडून बसले होते ना थे लोक? केवढी जागा होती!"

"अन् केस पिकलेले नव्हते," एक बाई म्हणाल्या. "सून म्हणत नव्हती का, आईंना आरसा लागतो म्हणून? मेंदी लावायची ती."

"आरसा कुंकवासाठी वं!"

"विधवेले कुंकू?"

"काहून, नाही लावावं?"

मग जी जुंपली! तिला चहात साखर किती लागायची, धाकट्यावर तिचा जीव होता की थोरल्यावर, ती रागावली की भांडी आपटायची की गप्प बसायची. प्रत्येकाने ती म्हातारी पाहिली होती, आणि दुसऱ्याने चुकीची पाहिली म्हणून प्रत्येक जण चिडला होता. रस्सा कुणी मागत नव्हतं. मी विद्याकडे पाहिलं. तिच्या हातातला घास हातातच राहिला होता.

"थे जाऊ द्या," चौधरीभाऊ हात झटकून म्हणाले. "मी तिथी असतो तं हॉर्न नसता वाजवला. हात धरून आणली असती घरी."

तेव्हा त्यांच्या शेजारून आवाज आला. "मी नसती आली."

चौधरीवहिनी बोलल्या होत्या. ताटाकडेच पाहत होत्या, पण शब्द स्वच्छ होते. "तुमी हॉर्न वाजवा का हात धरा. मी त्या खोलीत असती, तं नसती आली."

चौधरीभाऊंचं तोंड उघडं राहिलं. चौधरीभाऊ बायकोकडे अशा नजरेने पाहत होते की जणू ती आत्ताच कुठल्या तरी घाटातून चालत आली आहे. मग हळू आवाजात म्हणाले, "घरी बोलू आपन." वहिनी म्हणाल्या, "बोलू." आणि शांतपणे भाकरी मोडली.

विद्या उठून मागच्या अंगणात गेली. वकीलबाईंनी पळी माझ्या हातात दिली आणि तिच्या मागे गेल्या. मीही गेले, असल्या वेळी आत थांबण्याइतकी मी कधीच सभ्य नव्हते. विद्या धुण्याच्या दगडाशी उभी राहून रडत होती.

"म्हातारीला शेवटी आणू का मी स्टेजवर?" तिने विचारलं.

"खबरदार!"

"मग तुम्ही तर म्हणालात, दाखवायला पाहिजे होती..."

"मी वकील हाये. साक्षीदाराले बोलतं कराले मी काय बी म्हणतो."

विद्या रडता रडता हसली. "मॅडम, एवढी मोठमोठी जुनी नाटकं आहेत. तुम्ही आमच्यासारख्यांसाठी कशाला भाकरी थापता?"

वकीलबाई दगडावर बसल्या. गुडघा चोळत म्हणाल्या, "मेलेल्या लेखकाले टाळी ऐकू येत नाही, पोरी. शिवी बी ऐकू येत नाही. तुले दोन्ही ऐकू येते. मंग जेवण कोणासाठी रांधू?"

विद्याने लिहिणं सोडलं नाही. दुसरं नाटक लिहिलं, ते बरं चाललं. तिसऱ्याचा पहिला प्रयोग अमरावतीला होता, तोपर्यंत वकीलबाई तिथेच मुलीकडे राहायला गेल्या होत्या. तब्येत फार उतरली होती. मी अकोल्याहून गेले आणि आम्ही दोघी दुपारच्या प्रयोगाला बसलो. मध्यंतरात त्यांनी माझा हात दाबला. "बसवत नाही वं. घरी सोड मले."

रिक्षातून घरी आणून त्यांना पलंगावर निजवलं आणि मी शेजारी बसले, तर डोळे वटारले. "तू काहून बसली? जाय. दुसरा अंक पाहून ये."

"तुम्हाला अशा सोडून?"

"मी कुठी चालली? नाटक आज हाये."

गेले. अंधारात चाचपडत खुर्ची शोधली आणि एकटीने दुसरा अंक पाहिला. या खेपेला डुलकी लागली नाही. संध्याकाळी परत येऊन त्यांना सगळा अंक सांगितला. कोण कुठे उभं होतं, कोण काय बोललं, सगळं. डोळे मिटून ऐकत होत्या. एकदाही अडवलं नाही, म्हणून मला भीती वाटली.

संपल्यावर म्हणाल्या, "मी इथी पडल्या पडल्या दुसरा अंक माह्या मनानं रचला होता." आणि तुटक तुटक शब्दांत त्यांनी तो मला सांगितला. चांगला होता. मी तसं म्हणाले.

त्यांनी बराच विचार केला. उभ्या आयुष्यात कोर्टात किंवा पंगतीत त्यांनी स्वतःची हार कबूल केलेली मी कधी पाहिली नव्हती. "नाही," म्हणाल्या. "पोरीचा जास्त चांगला हाये. मले नसता सुचला."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. स्मशानातून परतल्यावर विद्या दाराबाहेर पायरीवर बसली होती, मी जाऊन तिच्याजवळ बसले आणि वकीलबाईंचं ते वाक्य जसंच्या तसं तिला सांगितलं.

ती म्हणाली, "आजी, त्यांचा अंक कसा होता? मला सांगा ना."

मी पदराने तोंड पुसलं, पाय वर घेऊन बसले आणि पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली.