खडीवरचा भोपळा

परडं माझं आहे, हे आधीच सांगून ठेवते. घरपट्टीच्या पावतीवर नाव आमच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, असेल, असू दे. घराच्या मागची ती आडवीतिडवी जागा, तिथला आंबा, शेवगा, केळी आणि भिंतीला लागून असलेली आळवाची खाचर, हे सगळं माझ्या हातचं आहे. लग्न होऊन आले तेव्हा तिथं फुटक्या कौलांचा ढीग होता. तो उपसून मी माती वर आणली. त्यामुळं कुणी त्या जागेवर काँक्रीट ओतायची भाषा काढली की माझं डोकं फिरतं.

आणि ती भाषा काढली खुद्द आमच्या मालकांनी.

झालं असं, की गेल्या दिवाळीला लेक आणि जावई नवी गाडी घेऊन आले. निपाणीतल्या आमच्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागतं. गाडी दारात लावली आणि सकाळी बघतोय तर कुठल्याशा उसाच्या ट्रॉलीनं तिचा आरसा उडवलेला. जावई भला माणूस. "राहू द्या हो मामा, आरसाच हाय," म्हणून हसला. पण मालकांच्या मनाला ते लागलं. जावयाची गाडी आपल्या दारात फुटली! तंबाखूच्या वखारीत जन्म गेला, पण कुणाला बोट दाखवू दिलं नाही असा हा माणूस. महिनाभर धड जेवले नाहीत.

शिमग्याच्या आधी एक दिवस मी बाजारातनं आले तर परड्याच्या कोपऱ्यात, न्हाणीच्या भिंतीला टेकून, खडीचा ढीग.

"ह्यो काय प्रकार?" मी विचारलं.

"परड्यात काँक्रीट करायचं. मागच्या बोळातनं गाडी थेट आत. पाव्हणं धोंड्याला येतील तवा गाडी आपल्या घरात उभी ऱ्हायली पायजे."

यंदा अधिक महिना होता, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून वाढायचे, मान करायचा. ती हौस मलाही होती. पण माझ्या मातीवर काँक्रीट?

"आणि माझी झाडं?"

"कसली झाडं गं? उन्हाळा आला की तिथं धूळ आन् कोंबड्यांची पिसं. नळाला पाणी कवा येतंय म्हाईत न्हाय, आन् तू भाज्या लावतीस."

मग मात्र मी पदर खोचला. म्हटलं, "धोंड्यापर्यंत थांबा. पाव्हण्यांच्या जेवणाला जेवढी भाजी लागंल तेवढी सगळी ह्या परड्यातली. बाजारातनं एक पेंडी जरी आणली तर त्याच दिवशी गवंडी बोलवा, मी तोंड उघडणार न्हाय."

"आन् निघाली तर?"

"तर खडी जाईल, माझं परडं ऱ्हाईल."

मालक पोट धरून हसले. उन्हाळ्याच्या शेवटी, विहिरी तळाला गेलेल्या असताना, पाव्हण्याचं ताट परड्यातनं भरायचं! ते म्हणाले, "व्हय व्हय, ठरलं." आणि शब्द गल्लीभर सांगून टाकला. म्हणजे हरले तर हसं माझंच होणार होतं.

मी कामाला लागले. टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं लावली, कुंपणाला दोडका आणि गवार. रोपं छान उभी राहिली आणि मग पानांवर माव्याची कीड दिसली. आता मी जन्माची निपाणीची. लहानपणी आईच्या मांडीला मांडी लावून विड्या वळल्या. आमच्यात दाढ दुखली तर तंबाखू, मुंग्या झाल्या तर तंबाखू. त्याला डॉक्टर कशाला? वखारीतनं तंबाखूचा चुरा आणला, रात्रभर भिजवला, ते पाणी पानांवर शिंपडलं. उरलेला चुरा बुडात टाकला आणि त्याच हातानं टोमॅटो काठ्यांना बांधले, मिरचीचे शेंडे खुडले. मावा गेला की! मी अशी फुगले की विचारू नका.

पंधरवडाही गेला नसेल, टोमॅटोची पानं आकसायला लागली. हिरव्यात पिवळे डाग. मग मिरची, मग वांगी. मला वाटलं ऊन लागलं. साडी बांधून सावली केली. काही फरक नाही. शेवटी लेकीला फोन लावला. ती कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवते. व्हिडिओवर पानं दाखवली.

"आई, पानांना काय लावलंस?"

"तंबाखूचं पाणी. आपलं नेहमीचं."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तंबाखू, टोमॅटो, मिरची, वांगी, सगळी एकाच घराण्यातली. वाळलेल्या तंबाखूतसुद्धा रोग जिता ऱ्हातोय. तुझ्या हातानंच तो झाडाझाडाला पोचलाय. उपटून टाक सगळं. आन् हात साबणानं घासून मगच दुसऱ्या वेलांना शिव."

मी फोन ठेवला आणि तिथंच मातीत बसले. उपटायचं म्हणजे अर्धं परडं रिकामं. पण उपटलं. एकेक रोप मुळासकट काढताना डोळ्यांतनं पाणी येत होतं आणि तोंडानं मी स्वतःलाच शिव्या घालत होते. मालक दारात उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणालेच, "तंबाखूच्या गावची तू, आन् तंबाखूनंच तुझं पीक खाल्लं."

"हसा, हसा," मी म्हटलं. "धोंडा अजून लांब हाय."

बोलायला बोलले, पण आता परड्यात राहिलं काय? कुंपणाची गवार, दोडक्याचे वेल, आळू, केळी. त्यांना जगवायचं तर पाणी पाहिजे. नळाला पाणी आलं की पलीकडची कानडी आक्का "नीरु बंतु!" म्हणून ओरडायची आणि सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची. त्यातलं झाडांना घालायचं म्हटलं तर घरात भांडण. तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, कपड्यांचं शेवटचं पाणी, सगळं मी परड्यात नेऊन ओतत होते. तरी पुरेना.

तेव्हा माझं लक्ष मालकांच्या आंघोळीकडं गेलं. हा माणूस आंघोळ करतो ती अशी, की म्हशीनं लाजावं. बादली संपली तरी "अजून एक तांब्या" चालूच. ते सगळं पाणी न्हाणीच्या मोरीतनं गटारात. मी काय केलं, खडीच्या ढिगाजवळ एक सपाट दगड टाकला, आडोशाला पोतं बांधलं आणि सांगितलं, "न्हाणीत कोंदट हुतंय. उन्हाळाभर बाहेर बसा, वाऱ्याला."

त्यांना ते लई आवडलं. सकाळ-संध्याकाळ गाणी म्हणत दगडावर बसायचे. पाणी खडीखाली जायचं, तिथनं चरीतनं केळीला आणि आळवाला. त्याच खडीच्या बुडाला भोपळ्याचं एक रोप आपोआप उगवलेलं. बहुतेक मीच कधीतरी बिया फेकल्या असतील. वर खडी तापली तरी खाली ओल टिकत होती. वेल असा सुटला की बघता बघता अर्धा ढीग झाकला. मी हात साबणानं खसाखसा घासून मगच त्याला शिवायची. भिंतीच्या बाजूला एक भोपळा धरला. मी त्याच्याखाली भाताची पिंजर घातली, वरनं गोणपाट टाकलं. मालक आंघोळीला चष्मा काढून बसतात, त्यामुळं त्यांना हिरवं तेवढं दिसत होतं.

शेवटच्या आठवड्यात उन्हानं कहर केला. गवारीची फुलं गळाली. शेंगा मिळाल्या त्या मूठभर. दोडके दोन-तीन, तेही बोटाएवढे. आंबे मी आढीत घातले होते, आमरसाची सोय झाली. आळवाचं फदफदं होणार होतं. पण ताटात मुख्य भाजी पाहिजे ना? तिथं आता चिरण्याजोगा एकटा भोपळाच होता. त्याच्यावर माझी सगळी भिस्त.

धोंड्याच्या दिवशी सकाळी लेक-जावई आले. गाडी गल्लीच्या तोंडाला लावून चालत आले. मालकांनी ते बघितलं आणि माझ्याकडं एक नजर टाकली. मी पुरण वाटत होते. त्यांनी स्वयंपाकघरात येऊन टोपल्या तपासल्या.

"कोथमीर कुठली?"

"न्हाय घातली. आमटीत कैरी हाय, शेवग्याची पानं हायत."

"कांदा?"

"थंडीत काढलेला. माळ तुमच्या डोक्यावर लटकतीया, बघा."

"आन् भाजी? ह्या मूठभर गवारीवर पाव्हण्यांना जेवाय घालतीस? मी गवंड्याला दुपारी माप घ्यायला बोलवलंय."

माझा संताप झाला. निकाल लागायच्या आधीच गवंडी! मी परड्यात गेले, गोणपाट काढलं आणि हाक मारली, "या हिकडं. विळी घिऊन या."

आता आमच्याकडं अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिला घाव घालायचा नाही. पुरुषानं एकदा चिरून द्यायचा, मग पुढचं बाईनं बघायचं. माझ्या आईनं पाळलं, सासूनं पाळलं, मीही पाळते. मालकांना हे चांगलं ठाऊक. त्यांनी भोपळा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू आलं.

"मी न्हाय चिरत," ते म्हणाले.

"काय?"

"मी चिरला न्हाय तर भाजी न्हाय. भाजी न्हाय तर काँक्रीट."

लेक म्हणाली, "अण्णा, हे काय वागणं?" जावई बिचारा पुढं आला, बाह्या सारत म्हणाला, "मामी, द्या हिकडं, मी चिरतो."

"पाव्हणं, तुम्ही बसा!" मालक गरजले. "धोंड्याच्या दिवशी जावयाच्या हातात विळी? गाव थुकंल माझ्या तोंडावर."

"मग काय हवा खाऊ दे त्यांनी?" मीही आवाज चढवला. "आणि एक सांगते. न्हाय म्हणताय, पण ह्या भोपळ्याला पाणी कुणी घातलंय म्हाईत हाय?"

"कुणी?"

"तुम्ही. दोन्ही वेळा, गाणी म्हणत. कशाला दिला हुता तो दगड? तुमच्या आंघोळीवर पोसलाय ह्यो. मी नुसतं गोणपाट टाकलं."

मालकांनी दगडाकडं बघितलं, तिथनं खडीकडं, खडीवरनं वेलाकडं. खिशातनं चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मग धोतर सावरून खाली बसले आणि बोटाच्या पेरानं भोपळ्यावर टकटक केलं. पुन्हा केलं. दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि "आयला!" म्हणून परत पिंजरीवर ठेवला.

"एवढा कवा झाला गं?"

"रोज तुमच्या पाठीमागंच हुता."

"पाव्हणं, या, उचलून तर बघा," ते जावयाला म्हणाले. जावयानं उचलला. "लई जड हाय मामा!" "मग! आंघोळ काय लहान हाय व्हय माझी?"

एवढं बोलून त्यांनी वेलाची पानं सारून आत नीट बघितलं, स्वतः देठ कापला, विळीवर बसले आणि भोपळ्याच्या छातीत पहिला घाव घातला. आतनं असा केशरी निघाला की लेकीनं टाळ्याच वाजवल्या. मी फोडी उचलल्या आणि चुलीकडं पळाले, कारण रडताना मला कुणी बघितलेलं आवडत नाही.

जेवण काय झालं म्हणून सांगू! पुरणाचे धोंडे, त्यावर तूप, आमरस, भोपळ्याची भाजी, फदफदं, गवारीची वाटीभर भाजी मानाची म्हणून आधी जावयाला. मालकांनी भाजी तीनदा मागून घेतली. प्रत्येक वेळी जावयाला सांगायचे, "खडीखाली ओल टिकतीया बघा, म्हणून ही गोडी." जणू शेतकी कॉलेजात शिकून आलेत. मी पंख्याखाली बसून ऐकत होते, मला एकदाही मधे बोलावंसं वाटलं नाही.

हात धुवून सुपारी कातरत बसलो आणि मागच्या दाराची कडी वाजली. गवंडी. हातात टेप, कानाला पेन्सिल.

मालक उठले. मी जागची हलले नाही, पण कान तिकडंच.

"अण्णा, माप घिऊ का? खडी पसरायला उद्या माणसं आणतो," गवंडी म्हणाला.

"कशाचं माप?" मालकांचा आवाज आला. "पाव्हण्यांची गाडी गल्लीच्या तोंडाला झ्याक उभी हाय. तू जा आता."

"मग खडी तरी नेऊ का परत?"

मग मालक ओरडले, पार गल्लीच्या टोकाला जाईल असे.

"खडीला हात लावू नगंस! तिच्यावर माझं अजून दोन भोपळं धरल्यात!"